पडद्यावरचा स्तूप आणि पुसली जाणारी अक्षरे

वास्तू उभी राहण्यापूर्वी, अथवा ती नष्ट झाल्यानंतर, लोकांना कशी दाखवावी हा प्रश्न वास्तुकलेइतकाच प्राचीन आहे. लाकूड, माती, मेण आणि पुठ्ठा यांच्या प्रतिकृती करण्याची रीत सर्वत्र आढळते. बौद्ध शिल्पकारांनी तर याहून पुढचे पाऊल टाकले होते. अमरावतीच्या महास्तूपावर बसविलेल्या शिलापट्टांवर स्तूपाचीच प्रतिमा कोरलेली आहे. प्रवेशद्वारावरील सिंह, चार दिशांचे आयक-मंच, त्यांवरील प्रत्येकी पाच स्तंभ, वेदिका, घुमट आणि वरची छत्रे, असे सारे तीत आहे. वास्तूने स्वतःच्या अंगावर स्वतःची प्रतिकृती वागवावी, असे उदाहरण विरळाच. आज त्या जागी घुमट नाही. पट्ट मात्र चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

प्रतिकृतीच्या या दीर्घ परंपरेत आता एका नव्या साधनाची भर पडली आहे. त्यास इंग्रजीत ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. आम्ही येथे संवर्धित वास्तव हा शब्द योजतो. भ्रमणध्वनीचा कॅमेरा समोरील जमीन, भिंत, खांब यांवरील ठळक बिंदू हेरतो. यंत्रातील जायरोस्कोप आणि त्वरणमापक हात किती हलला, किती वळला हे सांगतात. या दोहोंच्या मेळातून यंत्राला स्वतःचे स्थान कळते आणि संगणकाने रचलेली वास्तू जणू त्याच जमिनीवर उभी आहे अशा रीतीने पडद्यावर रेखाटली जाते. आपण चार पावले पुढे गेलो की ती मोठी दिसते, बाजूला झालो की तिची दुसरी बाजू दिसते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर चढवावयाच्या यंत्राने या शास्त्राचा पाया घातला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली पाठीवर संगणक बांधून, विद्यापीठाच्या आवारात पूर्वी असलेल्या आणि पुढे पाडल्या गेलेल्या इमारती त्याच जागी उभ्या करून दाखविल्या. मात्र ॲपलचे एआरकिट २०१७ साली व गूगलचे एआरकोअर २०१८ साली आल्यानंतरच हे साधन सामान्य माणसाच्या खिशात आले.

प्रस्तुत लेखात आम्ही एखाद्या विशिष्ट ॲपचे गुणदोष सांगत नसून, वास्तूच्या प्रतिकृती दाखविणारी ॲपे ज्या रूढ पद्धतीने रचली जातात तिची समीक्षा करीत आहोत. तंत्रज्ञानाविषयी आमच्या मनात अढी नाही. उलट, ज्या समाजाच्या वास्तुवारशाचा फार मोठा भाग मातीखाली, परदेशी दालनांत किंवा केवळ जुन्या रेखाचित्रांत उरला आहे, त्या समाजाला या साधनाची गरज इतरांहून अधिक आहे. म्हणूनच ते कसे रचले जाते याकडे आपले दुर्लक्ष होता कामा नये.

प्रथम प्रमाणाचा विचार करू. बहुतेक ॲपांत वास्तू मेजावर उभी राहते आणि बोटाने ती गरगर फिरविता येते. खुर्ची विकणाऱ्यास ही सोय पुरेशी असेल. स्तूपाच्या बाबतीत ती वास्तूचा अर्थच उलटा करते. स्तूप स्थिर असतो आणि उपासक त्यास उजवी बाजू देऊन त्याच्याभोवती चालतो. सांचीच्या महास्तूपाला जमिनीवर एक आणि मेधीवर एक असे दोन प्रदक्षिणापथ आहेत. सारी रचना, तोरणांची दिशा, वेदिकेचे वळण, चालणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. बोटाने फिरणाऱ्या स्तूपात माणूस बसून राहतो आणि स्तूप त्याची प्रदक्षिणा करतो! रचनाकाराने केवळ एक सोय म्हणून घेतलेला हा निर्णय आहे, पण त्याने पाहणाऱ्याचे वास्तूशी असलेले नातेच बदलून जाते.

यावर कोणी म्हणेल की स्तूप पूर्णाकृती दाखवावा. ते दिसते तितके सोपे नाही. सांचीच्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे, म्हणजे नुसत्या घुमटाचा घेर ११५ मीटरच्या आसपास भरतो. चालता चालता यंत्राच्या अंदाजात थोडी थोडी चूक साचत जाते. ती अंतराच्या शेकडा एक इतकीच धरली, तरी फेरी पूर्ण होईपर्यंत स्तूप मीटरभर सरकलेला असेल. आरंभीची जागा पुन्हा ओळखून यंत्र ही चूक दुरुस्त करू शकते. परंतु त्या क्षणी अख्खा स्तूप डोळ्यांदेखत उडी मारतो. शिवाय एवढे मोकळे, सपाट आणि खुणा असलेले मैदान किती विहारांजवळ आहे? आम्हांस मधला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. दहास एक या प्रमाणात तोच स्तूप सुमारे साडेतीन मीटर व्यासाचा होतो आणि विहाराच्या सभागृहात मावतो. फरशीवर खडूने वर्तुळ आखावे, मध्यभागी एक ठळक खूणपत्र ठेवावे, म्हणजे यंत्राला आधार मिळतो. बोटाने फिरविण्याची सोय मुळात देऊच नये. ज्याला मागील तोरण पाहायचे असेल त्याने चालत जावे. धम्मवर्गातील मुले हे आनंदाने करतील, प्रौढांना थोडे अवघड वाटेल इतकेच.

यापेक्षा गंभीर प्रश्न पृष्ठभागाचा आहे, आणि त्याची चर्चा आम्हांस फारशी आढळलेली नाही.

वास्तूची प्रतिकृती संगणकात त्रिकोणांच्या जाळीने बनते. लेझर मोजणीतून अथवा शेकडो छायाचित्रांच्या जुळणीतून मिळालेले मूळ बिंदू कोट्यवधी असू शकतात. भ्रमणध्वनीला तो भार पेलत नाही; तो तापतो, अडखळतो आणि बंद पडतो. म्हणून जाळी विरळ केली जाते. विरळ करण्याची गणिती रीत अशी की, ज्या बारकाव्याने आकारात फारसा फरक पडत नाही तो आधी काढावयाचा. घुमटाची गोलाई टिकते, तोरणाची कमान टिकते, हत्तीची सोंडही टिकते. सर्वांत आधी जाते ते काही मिलिमीटर खोलीचे खोदकाम. म्हणजेच अक्षरे. त्यांची सावली पृष्ठचित्रात उतरविता येते हे खरे. पण तेही चित्र आकाराने लहान केले की अक्षरांच्या जागी दगडावरचे डाग उरतात. त्यात मेजावरचे प्रमाण घ्या. शंभरास एक या प्रमाणात तीन सेंटिमीटर उंचीचे अक्षर मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही लहान होते. ते कोणासही वाचता येणार नाही, आणि तेथे काही लिहिलेले होते अशी शंकाही येणार नाही.

आता ही अक्षरे कोणाची आहेत ते पाहावे. सांचीच्या वेदिकांवर आणि फरशांवर सहाशेहून अधिक दानलेख आहेत. त्यांत भिक्खू आहेत, भिक्खुनी आहेत, गृहिणी आहेत, श्रेष्ठी आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याचे नोंदविले आहे. अमरावतीचा एक लेख तर आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. उपाध्याय नागाचा पुत्र विधिक, जो स्वतःस चम्मकार म्हणवितो, त्याने आपली माता, पत्नी, बंधू, पुत्र आणि कन्या यांच्यासह पूर्णघट कोरलेला शिलापट्ट दान दिल्याचे त्यात म्हटले आहे. त्या काळच्या व्यवसायनामावरून नंतरच्या जातिव्यवस्थेचे निष्कर्ष घाईने काढू नयेत, हे आम्ही जाणतो. परंतु चामड्याचे काम करणारा मनुष्य, पित्यास उपाध्याय म्हणवून, आपला व्यवसाय न लपविता, महास्तूपावर आपले नाव कोरवून घेतो, ही गोष्ट कोणत्याही घुमटाच्या उंचीपेक्षा आम्हांस मोलाची वाटते.

आणि नेमकी हीच गोष्ट विरळ केलेल्या जाळीतून गळून जाते. कोणी ती मुद्दाम पुसत नाही. आज्ञावलीला विधिकाशी वैर नाही. तिला फक्त आकार राखावयाचा असतो. पण आकार राखून नाव टाकण्याचा परिणाम असा होतो की, स्तूप हा अनामिक भव्यतेचा, पर्यायाने राजाचा, वाटू लागतो. शेकडो लहान हातांनी मिळून उभारलेली वास्तू एका गुळगुळीत गोळ्यासारखी समोर येते.

यास उपाय आहे आणि तो महागडाही नाही. अक्षरे जाळीत टिकत नसतील तर ती जाळीवर अवलंबून ठेवू नयेत. प्रत्येक लेखाचे स्थान निश्चित करून तेथे एक स्वतंत्र खूण ठेवावी. प्रदक्षिणा करणारा तेथे पोचला की तो तुकडा पूर्ण तपशिलाने समोर यावा. मूळ ब्राह्मी अक्षरे, नागरी लिप्यंतर आणि मराठी अर्थ. सर्व वास्तू एकाच वेळी सूक्ष्म असण्याची गरज नाही. जेथे पाहणारा उभा आहे तेवढाच भाग सूक्ष्म असला तरी चालते, आणि यंत्रास ते झेपते. मग रचनाकार हे का करीत नाहीत? कारण त्यांस लेखांची सूची कोणी देत नाही. ती देणे पालीच्या आणि अभिलेखांच्या अभ्यासकांचे काम आहे. हा दोष एकट्या तंत्रज्ञांवर ढकलता येत नाही.

आता जे उरलेच नाही त्याचे काय करावे, हा दुसरा कूट प्रश्न. अमरावतीचेच उदाहरण पुरेसे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराच्या खोदाईत हा स्तूप उघडा पडला. कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांनी तो पाहिला आणि १८१६ पासून त्याची मोजमापे व रेखाचित्रे करवून घेतली. दरम्यान पट्ट आजूबाजूच्या बांधकामांत जात राहिले. वॉल्टर इलियट यांनी १८४५ साली उत्खनन करून बरेच पट्ट मद्रासला नेले; त्यांतील अनेक पुढे लंडनला गेले. १८८० साली मद्रासच्या गव्हर्नराच्या आदेशाने उरलेली जागा साफ करण्यात आली, तेव्हा स्तूपाच्या ठिकाणी मोठा खड्डा उरला. घुमटाची उंची किती होती हे कोणीही मोजून लिहून ठेवलेले नाही. शिलापट्टांवरील प्रतिमा आहेत, परंतु ती शिल्पे होत, प्रमाणबद्ध नकाशे नव्हेत. शिल्पकार पट्टाच्या चौकटीत बसेल असा घुमट कोरतो.

पुस्तकातील रेखाचित्रात अभ्यासकास तुटक रेषा काढून आपला अंदाज हा अंदाज आहे असे सांगता येत असे. संवर्धित वास्तवात तुटक रेषा नाहीत. तेथे घुमटाला सावली पडते, ऊन बदलले की रंग बदलतो, खऱ्या झाडाआड तो दडतो. ज्या गुणांमुळे प्रतिमा खरी वाटते ते सारे गुण अंदाजालाही सारख्याच उदारपणे बहाल केले जातात. डोळ्याला पटले की मन प्रश्न विचारीत नाही. वारशाच्या संगणकीय दृश्यांकनासाठी तयार झालेल्या लंडन चार्टरने (२००९) आणि त्यानंतरच्या सेव्हिल तत्त्वांनी हा धोका ओळखला आहे. कोणता भाग पुराव्यावर आधारित, कोणता तर्काने भरलेला, आणि तो तर्क कोणत्या मार्गाने केला, हे पाहणाऱ्यास समजले पाहिजे असे त्यांचे म्हणणे आहे. केसमुत्ती सुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांना हे नवे वाटू नये. आश्चर्य वाटावे ते याचे की, तत्त्वे मान्य करूनही व्यवहारात त्यांची बोळवण एखाद्या माहितीच्या पानावर केली जाते आणि ते पान कोणी उघडीत नाही.

अनिश्चित भाग अर्धपारदर्शक दाखविण्याची एक प्रथा आहे. ती आम्हांस अपुरी वाटते. धूसर घुमट पाहून मनात शंका येत नाही, उलट एक गूढरम्य भाव दाटतो. न्यूनतेचे अलंकारात रूपांतर होते. त्यापेक्षा अमरावतीचे ॲप आजच्या जमिनीपासून सुरू व्हावे. प्रथम रिकामे वर्तुळ. मग जेवढे पट्ट अस्तित्वात आहेत तेवढेच, आपापल्या संभाव्य जागी, प्रत्येकावर तो आज कोणत्या नगरीत आहे याची नोंद. घुमट सर्वांत शेवटी, आणि तोही पाहणाऱ्याने मागितला तरच. दोन वेगळ्या उंचीचे दोन घुमट आलटून पालटून दाखविले, तर एक अक्षरही न लिहिता अंदाज हा अंदाज असल्याचे कळेल. आणखी एक बारीक सूचना. अमरावतीचे पट्ट हिरवट छटेच्या चुनखडकाचे आहेत, परंतु जुन्या इंग्रजी लिखाणात त्यांस संगमरवर म्हटले गेले. त्या नावावर विसंबून कोणी तयार रंगसाठ्यातील पांढरा चकचकीत संगमरवर चढवू नये.

बामियानचा उल्लेख येथे टाळता येत नाही. ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उडवून देण्यात आल्या. जून २०१५ मध्ये एका चिनी दांपत्याने त्या रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाने बुद्धप्रतिमा उभी केली. ते भ्रमणध्वनीवरील ॲप नव्हते, प्रकाशक्षेपण होते. आणि त्याचाच एक गुण आम्हांस महत्त्वाचा वाटतो. खोऱ्यातील सर्व माणसांनी एकच प्रतिमा, एकाच वेळी, एकत्र उभे राहून पाहिली. ॲपमध्ये प्रत्येक जण आपापल्या पडद्यात एकटा असतो. संघभावनेने पाहावयाच्या वास्तूसाठी हा मोठा उणेपणा आहे. अनेक यंत्रांवर एकच प्रतिकृती एकाच जागी दिसेल अशी सोय आता उपलब्ध आहे. ती शोभेची म्हणून नव्हे, तर आवश्यक म्हणून योजली जावी. मूर्तींचे चेहरे तर विध्वंसाच्या फार पूर्वीच नाहीसे झालेले होते. पुनर्निर्माण करणारा तेथे कोणता चेहरा बसवितो, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा उरत नाही.

येथवर भूतकाळातील वास्तूंचे झाले. परंतु या ॲपांचा मूळ धंदा भावी वास्तू दाखविण्याचा आहे आणि तेथे पाहणारा नुसता प्रेक्षक नसतो, बाधित असतो.

दादरच्या इंदू मिलच्या भूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने स्मारकाची उंची ३५० फुटांवरून ४५० फूट करण्यास मान्यता दिली. १०० फुटांचा चौथरा आणि त्यावर ३५० फुटांचा पुतळा. पुतळ्याची २५ फुटी प्रतिकृती पसंतीसाठी तयार करण्यात आली. आता हिशेब करा. ३५० फुटांस २५ फूट म्हणजे चौदास एक. ती प्रतिकृती पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर असेल, तर प्रत्यक्षात तो पुतळ्याच्या पायथ्यापासून ७० फूट उंचीवरून पाहत असतो. अशा उंचीवर अनुयायी कधीच उभा राहणार नाही. तो १०० फुटी चौथऱ्याच्याही खाली, भर गर्दीत असेल. शंभर मीटर अंतरावरूनही शिखर पाहण्यासाठी त्यास मान सुमारे ५४ अंश वर करावी लागेल. मेजावरची प्रतिकृती पाहणाऱ्यास नेहमीच आकाशात नेऊन बसविते. नियोजनकारास ती दृष्टी प्रिय असते, कारण तीत सर्व काही नीटनेटके दिसते आणि माणसे मुंग्यांएवढी होतात.

संवर्धित वास्तवाचे खरे सामर्थ्य येथे आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याच डोळ्यांच्या उंचीवरून, त्याच्याच रस्त्यावरून प्रस्तावित वास्तू दाखविता येते. मुखावरचे भाव खालून दिसतील का, दुपारी सावली कोठे पडेल, लोकांचा ओघ कोठून वळेल, हे निर्णयापूर्वी लोकांना विचारता येते. यात अडचणी आहेत. भ्रमणध्वनीचा खोली मोजणारा संवेदक काही मीटरपलीकडे पोचत नाही, त्यामुळे दूरच्या खऱ्या इमारतीमागे जावयाचा भाग पुढेच दिसू लागतो. मोठ्या शहरांत रस्त्यांच्या छायाचित्रसंग्रहावरून स्थाननिश्चिती होऊ शकते. खेड्यात केवळ उपग्रहावर विसंबावे लागते आणि वास्तू काही मीटर इकडे तिकडे होते. अशा वेळी किती चूक संभवते ते पडद्यावर स्पष्ट लिहावे.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा अनुभव याहून बोलका आहे. वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार उभारलेला, १२० फूट उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा तो स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी लोकार्पित झाला. तेथील विकासकामांतर्गत भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले, तेव्हा स्तूपास धोका पोचेल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक उतरले आणि शासनाला ते काम स्थगित करावे लागले. त्या भीतीत स्थापत्यदृष्ट्या किती तथ्य होते याचा निवाडा येथे आम्ही करीत नाही. आमचा मुद्दा दाखविण्याच्या रीतीचा आहे. वास्तूची ॲपे जमिनीवरचे तेवढे दाखवितात; उद्यान, दीप, कारंजी. जमिनीखालचे दाखविणे त्यांस अशक्य नाही. ज्या तंत्राने भूमिगत जलवाहिन्या दाखवितात त्याच तंत्राने आवारात उभे राहून खालचा खड्डा, त्याची खोली आणि स्तूपाच्या पायापासूनचे अंतर दाखविता येते. काय दिसावे हे ज्याने ॲप करवून घेतले तो ठरवितो. यास्तव आमच्या संस्थांनी अशा प्रस्तावांच्या वेळी केवळ रंगीत चित्रे न मागता, जमिनीखालचा छेद आणि माणसाच्या उंचीवरून दिसणारे दृश्य, या दोन गोष्टी मागून घ्याव्यात.

स्वतःच्या बळावर एखादा प्रयोग करावयाचा झाल्यास आम्ही पवनीचे नाव सुचवू. भंडारा जिल्ह्यातील या गावी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीखालचा प्राचीन स्तूप उजेडात आला. देव आणि जोशी यांचा उत्खनन अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झालेला आहे. त्यातील नकाशांवरून तळाची रचना उभी करणे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. वेदिकेवरील दानलेख आधी नोंदवावेत, जाळी नंतर विणावी. सर्व मजकूर मराठीत असावा, आणि गावात संपर्कजाळे नसले तरी चालेल अशा रीतीने तो यंत्रातच साठविलेला असावा. घुमटाच्या उंचीचा रकाना तूर्त कोरा सोडावा.